लायसन्स संपलं म्हणजे नेमकं काय संपलं?

ऑफिसात दहा नवी माणसं येणार असतात, दहा एक्स्टेन्शन, म्हणजे आतले फोन नंबर, तयार करायची असतात आणि ऑफिसची टेलिफोन सिस्टिम सातव्यावर अडते. मेंटेनन्सचा माणूस बघून सांगतो, ‘लायसन्स संपलंय’. दुसऱ्या दिवशी मेलवर कोटेशन हजर. कधी ते खरंच असतं. पण ‘लायसन्स संपलं’ या नावाखाली चार वेगळ्या गोष्टी खपून जातात: कार्डावर मोकळा पोर्ट नाही, लायसन्समधली संख्या भरली, कॉन्फिगरेशनमध्ये कुणीतरी मर्यादा घालून ठेवलीय, किंवा आवाजाचं रूपांतर करणाऱ्या डीएसपी चिपा कमी पडतायत. वापरणाऱ्याला चारही वेळा एकच दिसतं, फोन लागत नाही. पैसे मात्र चारही वेळा वेगवेगळे लागतात, आणि एका प्रकारात तर अजिबात लागत नाहीत.

त्यात लायसन्स स्वतःच तीन तऱ्हांनी मोजतं. काही लायसन्स तुम्ही केलेल्या नोंदी मोजतात, मग ती नोंद वापरात असो वा नसो. काही त्या घडीला रजिस्टर झालेले फोन मोजतात. काही चालू असलेले कॉल मोजतात. आपलं लायसन्स यातलं काय मोजतं हे ठाऊक नसताना ‘शंभर आहेत, नव्वद वापरली’ या वाक्याला काही अर्थ नाही.

अव्हायाच्या कम्युनिकेशन मॅनेजरपासून, म्हणजे त्या कंपनीच्या टेलिफोन एक्स्चेंज सॉफ्टवेअरपासून, सुरुवात करू. आपल्याकडच्या बँका, रुग्णालयं, कॉल सेंटरं यांत तो अजून ठाण मांडून आहे. कमांड द्यायच्या एसएटी स्क्रीनवर जायला एसएसएच पोर्ट ५०२२ वापरा, किंवा लिनक्स शेलमध्ये लॉगिन करून ‘सॅट’ टाइप करा. मग कमांड ‘डिस्प्ले सिस्टम-पॅरामीटर्स कस्टमर-ऑप्शन्स’. हे पान फक्त बघण्यासाठी आहे. लायसन्स फाइल जे सांगते तेच इथे उमटतं, हातानं बदलता येत नाही.

पहिल्या पानावर प्लॅटफॉर्म मॅक्सिमम पोर्ट्स, मॅक्सिमम स्टेशन्स आणि ऑफ-पीबीएक्स टेलिफोन्सच्या चार-पाच ओळी असतात (पीबीएक्स म्हणजे ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज). उजवीकडे ‘यूज्ड’ हा रकाना. ऑफ-पीबीएक्समधली ‘ओपीएस’ ही ओळ लोक हमखास ओलांडून जातात. एसआयपी आणि एच.३२३ या आयपी फोनांच्या दोन वेगळ्या पद्धती. त्यांतल्या एसआयपी फोनला स्टेशनच्या, म्हणजे एक्स्टेन्शनच्या, नोंदीबरोबरच ओपीएसचं मॅपिंगही लागतं. म्हणजे मॅक्सिमम स्टेशन्समध्ये दोनशे शिल्लक आणि ओपीएसमध्ये शून्य, अशी स्थिती असेल तर एच.३२३ चा फोन तयार होईल, एसआयपीचा होणार नाही. ‘जुना फोन चालतो, नवा घेत नाही’ अशी तक्रार आली की आधी ही ओळ पाहायची.

दुसरं पान आयपी पोर्ट कपॅसिटीजचं. खरी गंमत इथे आहे, कारण एकाच पानावर दोन तऱ्हेची मोजणी चालते आणि ती फक्त ओळीच्या नावावरून कळते. ‘मॅक्सिमम कन्करंटली रजिस्टर्ड आयपी स्टेशन्स’ ही ओळ त्या घडीला रजिस्टर असलेले फोन मोजते. फोन बंद केला की आकडा उतरतो. ‘मॅक्सिमम अ‍ॅडमिनिस्टर्ड एसआयपी ट्रंक्स’ ही ओळ मात्र नोंद मोजते. रात्री दोन वाजता एकही कॉल नसला तरी हा आकडा तसूभर हलत नाही, कारण तो कॉलचा नाहीच. तो ट्रंक ग्रुपमध्ये, म्हणजे सिस्टिमला बाहेर जोडणाऱ्या लाइनींच्या गटात, लिहिलेल्या मेंबरांचा आहे.

आणि मेंबर कसे लिहिले जातात? एसआयपी ट्रंक ग्रुपच्या पहिल्या पानावर ‘नंबर ऑफ मेंबर्स’ असा रकाना असतो, त्यात जास्तीत जास्त २५५ मावतात. सिस्टिम उभी करणाऱ्यानं हात सैल सोडून प्रत्येक ग्रुपमध्ये २५५ टाकले की चार ग्रुपांत १०२० लायसन्स अडकली. त्यातला एखादा ग्रुप टेस्टिंगसाठी केलेला असतो आणि पुढे कुणी त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ‘लिस्ट ट्रंक-ग्रुप’ दिली की मेंबरांचा रकाना एका नजरेत दिसतो. तिथे २५५, २५५, २५५ अशी रांग दिसली तर कोटेशन बाजूला ठेवा.

किती कमी करायचे हे मात्र अंदाजानं ठरवू नका. ‘लिस्ट मेझरमेंट्स ट्रंक-ग्रुप समरी यस्टरडे-पीक’ दिली की कालच्या सर्वांत गर्दीच्या तासात त्या ग्रुपवर किती वापर झाला आणि सगळे ट्रंक किती टक्के वेळ भरलेले होते, दोन्ही मिळतं. नंतरचा आकडा ‘एटीबी’ या रकान्यात असतो. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. सोमवार घ्या, महिन्याचा पहिला आठवडा घ्या, बिलं किंवा पगार निघतात तो दिवस घ्या. शिवाय सेशन मॅनेजरकडे (एसआयपी फोन ज्यावर रजिस्टर होतात तो सर्व्हर) जाणाऱ्या ग्रुपात एक फसवं गणित आहे. दोन एसआयपी फोन आपसात बोलतात तेव्हाही तो कॉल कम्युनिकेशन मॅनेजरमधून जातो, आत येताना एक मेंबर आणि बाहेर जाताना दुसरा. म्हणजे बाहेरच्या लाइन तीस आहेत म्हणून या ग्रुपातही तीसच ठेवले तर सकाळी अकराला ऑफिसातल्या ऑफिसात फोन लागेनासे होतील. मेंबर कमी करायचे तेही रहदारी नसताना, ग्रुप बिझीआउट करून, म्हणजे तेवढ्यापुरता बंद ठेवून.

स्टेशनच्या नोंदींचंही असंच आहे. माणूस सोडून गेला, फोन कपाटात गेला, नोंद तशीच. ‘लिस्ट स्टेशन’ आणि ‘लिस्ट रजिस्टर्ड-आयपी-स्टेशन्स’ या दोन याद्या एक्सेलमध्ये शेजारी ठेवल्या की एच.३२३ फोनांपैकी कोण रजिस्टर नाही ते कळतं. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल फोन, तसेच सेशन मॅनेजरवर रजिस्टर होणारे एसआयपी फोन, दुसऱ्या यादीत येणार नाहीत, ते आधी वगळा, नाहीतर फॅक्सची आणि लिफ्टमधल्या फोनची एक्स्टेन्शन उडवाल. रजिस्टर नाही म्हणजे वापरात नाही, हेही लगेच धरू नये. सॉफ्टफोनवाले (कॉम्प्युटरवरचा फोन वापरणारे) फक्त घरून काम करताना लॉगिन करतात, म्हणून ही यादी आठवडाभर वेगवेगळ्या वेळी काढावी लागते. एक्स्टेन्शन काढायला जाल तर ‘रिमूव्ह स्टेशन’ बऱ्याचदा नकार देते, कारण ते कुठल्या तरी हंट ग्रुपात (एकाच नंबरावर वाजणाऱ्या फोनांचा गट), कव्हरेज पाथमध्ये (न उचललेला कॉल पुढे कुठे जायचा ती यादी) किंवा साहेबांच्या फोनवर ब्रिज म्हणून बसलेलं असतं. ‘लिस्ट यूसेज एक्स्टेन्शन’ आणि पुढे नंबर दिला की ते कुठे कुठे अडकलंय त्याची यादी मिळते. तिथून एकेक सोडवायचं आणि मग काढायचं.

तिसऱ्या पानापासून पुढे हो-नाहीचं राज्य. एआरएस वाय, आयएसडीएन-पीआरआय वाय, मल्टिफ्रीक्वेन्सी सिग्नलिंग एन, अशा ओळी. इथे संख्या नाही. सुविधा विकत घेतली आहे किंवा नाही, एवढंच. या पानांच्या तळाशी एक सूचना छापलेली असते: परवानग्यांतला बदल लागू होण्यासाठी लॉगऑफ करून पुन्हा लॉगिन करा. नवं लायसन्स चढवून, उघड्याच असलेल्या खिडकीत ‘अजून एनच दाखवतंय’ म्हणून तासभर डोकं धरून बसण्याआधी ती ओळ वाचावी.

संख्या आणि सुविधा दोन्ही ठीक असतील तर कार्ड बघा. ‘लिस्ट कॉन्फिगरेशन मीडिया-गेटवे १’ दिली की त्या गेटवेतली सगळी मॉड्यूल आणि त्यांचे पोर्ट दिसतात. दिलेल्या पोर्टाचा क्रमांक, न दिलेल्या पोर्टाच्या जागी ‘यू’. एमएम७११ वर आठ अ‍ॅनालॉग पोर्ट, एमएम७१६ वर चोवीस, एमएम७१० वर एक ई१, म्हणजे आवाजाचे तीस चॅनल. यू एकही नसेल तर लायसन्स हजार घेतलं तरी अ‍ॅनालॉग फोन जोडायला जागाच नाही. उलटही होतं. यू दिसतो, नोंद होते, पण फोन मुका. तेव्हा गुन्हेगार बहुतेक वेळा वायरिंगच्या क्रोन मॉड्यूलवरचा जंपर (जोडणारी तार) असतो आणि त्याला कुठलंच लायसन्स लागत नाही.

आता लायसन्सची स्थिती. संख्या भरणं वेगळं आणि लायसन्सच अवैध होणं वेगळं. शेलमध्ये ‘स्टेटसलायसन्स’ कमांड व्ही पर्यायासह दिली की मोड कळतो: नॉर्मल, एरर किंवा रिस्ट्रिक्टेड. एरर मोड लागला की तीस दिवसांची सवलत सुरू होते, आणि ‘डिस्प्ले अलार्म्स’मध्ये एलआयसी-ईआरआर दिसतो. तीस दिवसांत दुरुस्त झालं नाही तर रिस्ट्रिक्टेड मोड. यात कॉल चालू राहतात, पण बदल करणं बंद होतं. म्हणूनच ही गोष्ट महिनोन्‌महिने उघडकीला येत नाही. फोन चालतायत, कुणाची तक्रार नाही, आणि एके दिवशी साधं नाव बदलायला गेलं की सिस्टिम दार लावून घेते.

एरर मोड येण्याचं नेहमीचं कारण वेबएलएमशी तुटलेला संबंध. वेबएलएम म्हणजे लायसन्स वाटणारा सर्व्हर. स्वतंत्र बसवला असेल तर त्याचा पोर्ट ५२२३३ असतो. फायरवॉल बदलताना हा पोर्ट यादीतून सुटतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण कॉल तर लागत असतात. दुसरं कारण होस्ट आयडी. लायसन्स फाइल या आयडीला बांधलेली असते, आणि व्हर्च्युअल मशीनवर तो मशीनच्या यूयूआयडी आणि आयपी पत्त्यावरून बनतो. सर्व्हर टीमनं मशीन क्लोन केलं किंवा आयपी बदलला की होस्ट आयडी बदलला आणि फाइल निरुपयोगी. मग अव्हायाच्या पीएलडीएस या लायसन्सच्या पोर्टलवर जाऊन नव्या आयडीवर लायसन्स पुन्हा काढून आणावं लागतं. त्या पोर्टलचं लॉगिन बहुधा मेंटेनन्स कंपनीकडे असतं. आपल्या संस्थेच्या नावानं ते मागून ठेवणं सुखाचं. वेबएलएममध्येच पीक यूसेजचं पान आहे, महिन्यातून एकदा त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला तर खरेदीच्या वेळी वाद घालावा लागत नाही.

सिस्कोकडे वळू. त्यांच्या आयएसआर राउटरवर आवाजाचं काम करायचं तर यूसी पॅकेज लागतं, त्याचं नाव ‘यूसीके९’. जुन्या आयएसआर जी२ मालिकेत, म्हणजे २९०० आणि ३९०० मध्ये, ‘शो लायसन्स’ दिली की प्रत्येक पॅकेजच्या खाली ‘पीरियड लेफ्ट’ अशी ओळ येते. तिथे ‘लाइफ टाइम’ असेल तर कायमचं. ‘८ वीक्स ४ डेज’ असेल तर ते चाचणीचं लायसन्स आहे, साठ दिवसांचं. ८ आठवडे ४ दिवस पूर्ण तसेच असतील तर त्याला अजून कुणी हातही लावलेला नाही. ‘शो व्हर्जन’च्या तळाशी एक छोटा तक्ता असतो: सध्या कोणतं पॅकेज चालू आहे आणि पुढच्या रीबूटनंतर कोणतं असेल. या दोन रकान्यांत फरक दिसला तर राउटर रीबूट करण्याआधी दहा वेळा विचार करा.

कारण इथे एक खड्डा आहे आणि तो खोल आहे. पॅकेज चालू नसताना राउटर उठला तर त्याला डायल-पीअर (कुठला नंबर कुठे पाठवायचा तो नियम), व्हॉइस-पोर्ट, व्हॉइस सर्व्हिस या कमांड कळतच नाहीत. सुरू होताना तो एकेक ओळ नाकारतो, आणि चालू कॉन्फिगरेशन आवाजाशिवायचं बनतं. या क्षणी कुणी सवयीनं ‘राइट मेमरी’ मारलं की साठवलेलं कॉन्फिगरेशनही तसंच होतं. दीडशे डायल-पीअर एका एंटरनं गेले. म्हणून सॉफ्टवेअर बदलण्याआधी स्टार्टअप-कॉन्फिगची एक प्रत फ्लॅशवर वेगळ्या नावानं, एक प्रत राउटरबाहेर. रीबूटनंतर सेव्ह करण्याआधी ‘शो डायल-पीअर व्हॉइस समरी’. यादी आली तरच पुढे जायचं. पॅकेज चालू करण्याची कमांड ४००० मालिकेत ‘लायसन्स बूट लेव्हल यूसीके९’, त्यानंतर सेव्ह आणि रीलोड. रीलोडशिवाय ती लागू होत नाही.

एसआयपी ट्रंक घेणारा राउटर, म्हणजे क्यूब, सेशन मोजतो. एका कॉलचे दोन लेग असतात, एक आपल्या बाजूचा आणि एक सेवा देणाऱ्या कंपनीच्या बाजूचा, पण सेशन एकच धरलं जातं. ‘शो कॉल अ‍ॅक्टिव्ह व्हॉइस ब्रीफ’मध्ये लेग मोजून ‘दुप्पट वापर होतोय’ म्हणणारे भेटतात, त्यांना हे सांगावं. ‘शो क्यूब स्टेटस’मध्ये ‘लायसेन्स्ड-कपॅसिटी’चा आकडा असतो. जुन्या पद्धतीत तो ‘मोड बॉर्डर-एलिमेंट लायसन्स कपॅसिटी’ या कमांडनं आपणच लिहिलेला असतो. म्हणजे तिथे १०० दिसले तर ते शंभर विकत घेतल्याचा पुरावा नाही, कुणीतरी शंभर टाइप केल्याचा पुरावा आहे. ऑडिट आलं तर कागद वेगळा दाखवावा लागतो.

स्मार्ट लायसन्सिंग (सिस्कोकडे ऑनलाइन नोंदवायचं लायसन्स) आलेल्या मधल्या आवृत्त्यांत त्याच पडद्यावर आणखी दोन ओळी येतात: स्मार्ट लायसन्सिंग कॉन्फिगर नसल्यामुळे अडवलेले कॉल, आणि चाचणीची मुदत संपल्यामुळे अडवलेले कॉल. इथे शून्याशिवाय काही दिसलं तर तो खराच लायसन्सचा प्रश्न आहे, आणि सेवा कंपनीकडे तक्रार नोंदवून उपयोग नाही. चाचणीची मुदत नव्वद दिवस. ‘शो लायसन्स समरी’मध्ये ‘इव्हॅल मोड’ दिसला तर किती दिवस उरलेत ते खालीच लिहिलेलं असतं. १७.३.२ पासून पद्धत पुन्हा बदलली. आता वापर मोजून कळवण्यावर भर आहे, कळवलं नाही म्हणून बहुतेक लायसन्सच्या बाबतीत काम थांबत नाही. त्यामुळे आवृत्ती कोणती हे आधी पाहिल्याशिवाय कुणाचाही सल्ला, हा लेखही, जसाच्या तसा घेऊ नका.

डीएसपीचा हिशेब लायसन्सच्या पानावर कुठेच नसतो, म्हणून तो सगळ्यांत उशिरा आठवतो. पीव्हीडीएम३-६४ या मॉड्यूलवर जी.७११ या कोडेकचे (कोडेक म्हणजे आवाज आकड्यांत बसवण्याची पद्धत) ६४ कॉल बसतात, जी.७२९ चे ४२. दोन पीआरआय (सेवा कंपनीकडून येणाऱ्या तीस-तीस चॅनलच्या डिजिटल लाइन) म्हणजे साठ चॅनल. सगळे जी.७११ वर असतील तर चार जागा उरतात. शाखेची लिंक वाचवायला कुणी कोडेक जी.७२९ केला की त्रेचाळिसावा कॉल पडतो, पीआरआयवर अठरा चॅनल मोकळे असताना. त्यात ‘डीएसपीफार्म प्रोफाइल’मध्ये ट्रान्सकोडिंगसाठी (आवाज एका कोडेकमधून दुसऱ्यात नेण्यासाठी) ‘मॅक्सिमम सेशन्स २०’ लिहिलेलं असेल तर तेवढ्या जागा वापर नसतानाही राखीव. ‘शो डीएसपीफार्म ऑल’ आणि ‘शो व्हॉइस डीएसपी ग्रुप ऑल’ या दोन कमांडांत हे सगळं उघडं पडतं. राखीव आकडा वीसवरून सहावर आणणं फुकट असतं.

सिस्कोच्या कॉल मॅनेजर या एक्स्चेंज सॉफ्टवेअरमध्ये उलटं आहे, तिथे वाया जातात ती युजर लायसन्स. एका माणसाचे दोन फोन असतील आणि दोन्हींवर ‘ओनर यूजर आयडी’ त्याच माणसाचा असेल तर दोन्ही मिळून एक ‘एन्हान्स्ड प्लस’ लायसन्स लागतं. तो रकाना रिकामा असला की प्रत्येक फोन स्वतःचं वेगळं लायसन्स खातो. टेबलावरचा फोन आणि लॅपटॉपवरचा जॅबर सॉफ्टफोन, दोन्ही बिनमालकाचे, हे दृश्य फार सर्रास दिसतं. सिस्टम मेनूत लायसन्सिंगखाली लायसन्स यूसेज रिपोर्ट आहे. तो उघडल्यावर आधी ‘अपडेट यूसेज डिटेल्स’ दाबा, नाहीतर जुनाच आकडा बघत बसाल. मग बल्क अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधून फोनांची यादी काढा, मालकाचा रकाना भरून परत चढवा आणि रिपोर्ट पुन्हा बघा. आवृत्ती १२ पासून इथेही स्मार्ट लायसन्सिंग आहे. संख्या ओलांडली तरी लगेच काही बंद पडत नाही, नव्वद दिवस मिळतात, त्यानंतर फोन आणि युजर नव्यानं भरणं बंद होतं.

अ‍ॅस्टेरिस्क या मोफत एक्स्चेंज सॉफ्टवेअरवाल्यांना यातलं फारसं काही लागू नाही. जी.७२९ चं विकतचं मॉड्यूल असेल तेवढंच. ‘जी७२९ शो लायसेन्सेस’ दिली की दहा चॅनलपैकी किती एन्कोडर आणि किती डीकोडर वापरात आहेत ते एका ओळीत येतं. ‘०/०’ दिसत असताना कॉल चालू असतील तर दोन्ही बाजू जी.७२९ बोलतायत आणि सर्व्हर फक्त पुढे ढकलतोय, त्याला लायसन्स लागत नाही. व्हॉइसमेल किंवा रेकॉर्डिंग आलं की लागतं. हे लायसन्स नेटवर्क कार्डांच्या मॅक पत्त्यांवरून बनलेल्या होस्ट आयडीला बांधलेलं असतं, त्यामुळे सर्व्हरमध्ये एक जास्तीचं कार्ड घातलं तरी ते रुसू शकतं. जी.७२९ ची पेटंटं २०१७ च्या सुरुवातीला संपली, तेव्हा नव्या सर्व्हरसाठी ते विकत घेण्याआधी दुसरा पर्याय जरूर बघा.

एक काम आजच करून ठेवण्यासारखं आहे. सिस्कोच्या प्रत्येक राउटरवर ‘शो लायसन्स यूडीआय’ द्या आणि येणारा मॉडेल व सिरियल नंबर लायसन्सच्या कागदाशी जुळवा. जुन्या पद्धतीचं लायसन्स त्या सिरियल नंबरालाच बांधलेलं असतं. राउटर जळून बदलून आला की कॉन्फिगरेशन चढतं, लायसन्स चढत नाही. ते नव्या सिरियल नंबरावर रीहोस्ट करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी जुना नंबर लागतो, जो आता चालत नसलेल्या, कदाचित परतही पाठवून दिलेल्या डब्यावर छापलेला असतो.